रोजची पर्स घेताना तुमचं काय काय ठरलेलं असतं?

चिकूची_सावली (छत्रपती संभाजीनगर)

भाचीला लातूरला नोकरी लागलीय. पहिल्या पगारातून रोजच्या वापराची चांगली पर्स घ्यायची म्हणते आणि मला विचारते, "मावशी, कुठली घेऊ?" मी म्हणलं, आधी सांग, तू पर्स वापरतेस कशी? तर म्हणे, कशी म्हणजे काय, सगळ्या वापरतात तशी.

सगळ्या एकसारखी वापरत नाहीत, म्हणूनच हा धागा काढतेय. मी एसटीने रोज जालन्याला अप-डाउन करते. शेजारी बसणारी मैत्रीण आणि मी, आमचा रस्ता एक, वेळ एक, कामही जवळपास एकच. तरी तिची पर्स मला दिवसभर झेपणार नाही आणि माझी तिला. ती बसली की पर्स मांडीवर घेते, दोन्ही हातांनी उघडते आणि आत डोकावून वस्तू शोधते. तिला रुंद तोंडाची, आतून फिक्या अस्तराची पर्स लागते, कारण काळ्या अस्तरात काळा चार्जर दिसत नाही. मी आत बघतच नाही. एक हात वरच्या दांडीला, दुसऱ्या हाताने चाचपून काढायचं. म्हणून मला प्रत्येक वस्तूची जागा पक्की लागते. किल्ल्या आतल्या कप्प्यात, मोबाईल अंगाकडच्या बाजूच्या चेनमध्ये, सुटे पैसे पुढच्या लहान कप्प्यात. २०२३ च्या मार्चपासून एसटीत आपलं बायकांचं तिकीट अर्धं झालं तेव्हापासून तो सुट्ट्या पैशांचा कप्पा जास्तच महत्त्वाचा झालाय. कंडक्टर समोर उभा असताना अख्खी पर्स उपसत बसायला मला आवडत नाही.

दुकानात गेलं की पहिला प्रश्न असतो, कितीपर्यंत दाखवू? दुसरा, रंग कोणता? पण आपल्याला स्वतःबद्दल याच्या आधीचं बरंच माहीत असायला पाहिजे. खांद्यावर अडकवता की गळ्यातून आडवी घेता? स्कुटीवर जाता, बसने जाता की पायी? पोचल्यावर ती टेबलावर उभी राहायला हवी की खुर्चीला लटकली तरी चालतं? वर्षभर एकच वापरता की कपड्यांप्रमाणे बदलता? बदलत असाल तर पर्समध्ये चार कप्पे असून उपयोग नाही. आत लहान पाउच ठेवा, म्हणजे या पर्समधून त्या पर्समध्ये उचलून टाकता येतात.

भाचीला दोन कामं सांगितलीत. एक, आत्ताची पर्स पलंगावर पूर्ण रिकामी कर आणि आठवडाभरात जे हातात आलंच नाही ते बाजूला काढ. उरलेल्या वस्तूंच्या मापाने पर्स बघायची. दुसरं, कपाटात वापराविना पडलेली पर्स बाहेर काढ आणि ती का पडून आहे ते शोध. आवडून घेतलेली असते, फाटलेली नसते, तरी आपण ती उचलत नाही. कधी पट्टा चार बोटं आखूड असतो, कधी रिकामीच जड असते. आपल्याला काय नको ते त्या पर्सवरून कळतं, आणि नको ते कळलं की हवं ते शोधणं सोपं जातं.

तर सांगा, कोणत्या गोष्टीवर तुम्ही तडजोड करत नाही आणि का? कंपन्यांची नावं नकोत. सवयींबद्दल बोलूया.

खडू_फळा (परभणी जिल्हा)

ताई, धागा छान आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, स्कुटीवर जाते. माझं ठाम मत आहे की रोजच्या सगळ्या वस्तू एकाच पर्समध्ये नेऊ नयेत.

कारण सांगते. माझ्याकडे उत्तरपत्रिका असतात, फूलस्केप कागद असतात. ए-४ कागदाची उंची २९.७ सेंटिमीटर, फूलस्केप त्याहून लांब. तो न दुमडता मावेल अशी पर्स घेतली की ती इतकी मोठी होते की पैशांचं पाकीट तळाशी जाऊन बसतं. म्हणून मी सरळ दोन केल्यात. कागदांसाठी जाड कॅनव्हासची पिशवी, ती स्कुटीच्या पुढच्या हुकाला. आणि पैसे, मोबाईल, किल्ल्या यांची छोटी स्लिंग, ती अंगावर. वर्गात पिशवी टेबलावर राहते, स्लिंग मात्र माझ्याजवळ.

दुसरं वजन. मुलांच्या दप्तराचं वजन त्यांच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या वर जाऊ नये, असं २०२० च्या दप्तर धोरणात सांगितलंय आणि आम्ही पालकसभेत ते पालकांना समजावतो. आपल्या खांद्याचा विचार कोण करणार? एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, बाटलीचं वजन वेगळं. आपल्याकडे मार्च ते जून पाण्याशिवाय बाहेर पडता येत नाही. त्यामुळे पर्स घेताना ती रिकामी उचलून बघायची नाही. दुकानातच स्वतःची पाण्याची बाटली त्यात टाकायची, खांद्याला लावायची आणि थोडं चालून बघायचं. दुकानदार काही म्हणत नाहीत.

आणि कॅनव्हास घेणाऱ्यांसाठी: बोअरच्या पाण्याने गडद रंगाची पिशवी धुतली की वाळल्यावर क्षाराचे पांढरे डाग राहतात. शेवटचं खळबळायचं पाणी फिल्टरचं घ्या, नाहीतर फिका रंगच घ्या.

शिलाई_मशीन (नांदेड)

नमस्कार. आमचं वजिराबादला बॅग दुरुस्तीचं काम आहे, वडलांपासून. विकायचं कमी, शिवायचं जास्त. म्हणून थोडं वेगळ्या बाजूनं लिहितो.

दुरुस्तीला येणाऱ्या पर्स बघितल्या की मालकीण ती कशी वापरते ते लगेच कळतं. काहींच्या पट्ट्याचे कान उसवलेले असतेत, म्हणजे ताई वजन भरतेत. काहींची चेन मधेच फाटलेली असती, म्हणजे पर्स लहान पडायलीय आणि दाबून बंद करायलेत. काहींचं बूड घासलेलं, म्हणजे जमिनीवर ठेवायची सवय. तीच ताई दुसरी पर्स घ्यायला गेली की परत तशीच घेती आणि वर्षानं परत आमच्याकडं येती. तुमची जुनी पर्स जिथं तुटली तीच जागा नवीन पर्समध्ये आधी बघा, एवढंच माझं सांगणं हाय.

पट्टा जिथं पर्सला जोडलाय तिथं चौकोन आणि त्यात फुली अशी शिवण असावी. नुसती एक आडवी शिवण असंल तर वजनात ती उसवती. कडी बघा. तार वाकवून केलेल्या कडीला जोड असतो, तो ओढानं उघडतो. जोड डाग देऊन बंद केलेला असंल तर ती कडी टिकती. चेनच्या रनरच्या, म्हणजे सरकणाऱ्या तुकड्याच्या, मागं बऱ्याचदा आकडा कोरलेला असतो, ३, ५, ८. तो ढोबळमानानं दातांची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो. रोजच्या पर्सच्या मुख्य तोंडाला ५ च्या खालची चेन घेऊ नका. ३ नंबरची चेन आतल्या कप्प्याला ठीक हाय.

आणि चेन मागून उघडायली म्हणून पर्स टाकून देऊ नका. बहुतेक वेळा दात चांगले असतेत, रनर झिजलेला असतो. नुसता रनर बदलला की काम होतं.

चिकूची_सावली

दादा, हे फार उपयोगाचं लिहिलंत. एक विचारते. माझ्या जावेची पर्स कपाटात व्यवस्थित ठेवलेली होती, वापर जवळपास नाहीच, तरी वरचा थर पापुद्र्यांसारखा सुटला. असं कसं होतं?

शिलाई_मशीन (नांदेड)

ते पीयू असणार ताई, पॉलियुरेथेन. खाली कापड, वर पातळ थर. हवेतल्या ओलाव्यानं आणि उष्णतेनं तो थर आतून कमजोर होतो. वापरा नाहीतर वापरू नका, त्याचं वय चालूच राहतं. पावसाळ्यात बंद कपाट आणि उन्हाळ्यात तापलेली खोली, दोन्ही त्याला वाईट. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळून ठेवलं तर ओल आतच अडकती. रेक्झिन वेगळं. ते सोलून निघण्यापेक्षा कडक पडतं आणि घडीवर तडकतं.

म्हणून पीयू घेऊ नका असं मी म्हणणार नाही. हलकं असतं, स्वस्त असतं, रंग लई मिळतेत. ज्यांना दोन वर्षांनी नवीनच पाहिजे त्यांनी खुशाल घ्यावं. पण "दहा वर्षं वापरीन" असं मनात असंल तर पीयू नको.

अस्सल चामडं ओळखायला वासावर जाऊ नका, वास मारता येतो. आतल्या कप्प्याची शिवण जरा उलटून कापलेली कड बघा. चामड्याच्या कडेला बारीक तंतू दिसतेत, पीयूच्या मागं कापडाचं विणकाम दिसतं. आणि "जेन्युइन लेदर" असा शिक्का असला तरी त्यावरून चामडं कोणत्या प्रतीचं हाय ते कळत नाही. चामडं जड असतं, उन्हाळ्यात क्रीम मागतं, पावसाळ्यात बुरशी धरतं. हे करायची हौस असंल तरच घ्या. गिऱ्हाईक म्हणतेत, हलकी द्या आणि टिकाऊ द्या. दोन्ही पूर्ण एका पर्समध्ये येत नाही. तुम्हाला त्यातलं जास्त कोणतं पाहिजे ते घरूनच ठरवून निघा.

आंबट_चिंच (लातूर)

सगळं वाचतेय. पण वजन, चेन, कड्या यांत आवडीचा विषय राहूनच गेला का? मी कॉलेजला आहे. माझ्याकडे बंजारा भरतकामाची झोळी आहे, काचा आणि कवड्यांची. ओळखीच्या एका आजींनी तांड्यावर हाताने भरलेली. तिला चेन नाही, आत एकच कप्पा आहे, आणि काचेच्या टाक्यांत ओढणी अडकते. तरी मी रोज तीच नेते. ती खांद्यावर असली की मला छान वाटतं. मला वाटतं हीसुद्धा पसंतीच आहे आणि तिचं कारण द्यायची गरज नाही.

मोबाईलसाठी मी आत एक छोटं चेनचं पाउच सेफ्टी पिनने लावून घेतलंय. चालतंय.

चिकूची_सावली

अगदी मान्य. जी बघून रोज बरं वाटतं ती पर्स गैरसोय सोसूनही वापरली जाते, आणि नावडती पर्स कितीही सोयीची असली तरी आपण टाळतो. माझ्या यादीत रंग पहिल्या तीनात आहे. मला मातकट रंग आवडतात आणि मी त्याबद्दल कुणाचं ऐकत नाही. तुझं पाउच लावण्याचं फार आवडलं. आवड तशीच ठेवून सोय नंतर जोडता येते. उलटं मात्र जमत नाही.

रातपाळी (बीड)

मी दवाखान्यात सिस्टर आहे. माझी एकच अट: ओल्या फडक्याने पुसता आली पाहिजे. कापड, भरतकाम, गोंडे, सगळं आवडतं पण ड्युटीला नाही. बाहेरून गुळगुळीत आणि आतलं अस्तर बाहेर ओढून काढता येईल असं. आणि वर पकडायला छोटी मूठ हवी, म्हणजे खुंटीला अडकवता येते. वॉर्डात पर्स जमिनीवर ठेवत नाही.

मॅग्नेट बटण नको, चेन हवी. रात्री रिक्षाने येताना चेन बंद असली की मन शांत असतं.

डावखुरी (हिंगोली)

साडी नेसणाऱ्यांसाठी लिहिते, कारण दुकानातल्या मुली जीन्सवर लावून दाखवतात आणि पर्स सुंदर दिसते.

पदर डाव्या खांद्यावर. त्याच खांद्यावर पर्स लावली की पट्टा पदराला खाली ओढतो, पिनेपाशी ताण येतो आणि चांगली साडी पिनेपाशी विरते. उजव्या खांद्यावर लावावी तर मी डावखुरी, मला डावा हात मोकळा हवा आणि पर्स डावीकडेच हाताशी लागते. बराच काळ हे असंच चाललं होतं. शेवटी आडव्या पट्ट्याची घेतली, पट्टा पदराच्या आतून. उजव्या खांद्यावरून येतो, पर्स डाव्या कुशीला बसते. पदराला हातच लागत नाही.

यात दोन गोष्टी बघाव्या लागतात. पट्टा साखळीचा नको, साखळी ब्लाउजच्या गळ्यापाशी घासते आणि मानेत रुतते. चार सेंटिमीटरपर्यंत रुंद, सपाट पट्टा हवा. आणि मागची बाजू पूर्ण गुळगुळीत. मागे धातूची कडी किंवा चेनची जीभ असली की रेशमाचा धागा ओढलाच.

माझ्यासारख्या डावखुऱ्या असाल तर चेन कोणत्या बाजूला उघडते तेही बघा. मी दुकानात पर्स अंगाला लावून डोळे मिटून तीन वेळा उघडून बघते. हात अडखळला की परत ठेवते.

हिमरूच्या आणि पैठणीच्या कापडाच्या पर्स मला प्राणप्रिय आहेत, पण त्या लग्नाकार्याला. रोज बसच्या गर्दीत नेऊन ते विणकाम घासवायचं मन होत नाही.

खडू_फळा

पदराच्या आतून पट्टा! उद्याच करून बघते.

सोनेरी_ज्वारी (धाराशिव)

बायकांच्या धाग्यात लिहितोय, चालेल ना? आईसाठी पर्स घ्यायचीय. वय सत्तरच्या पुढं. बोटांचे सांधे सुजतात. महिन्यातून बँकेत जाते, पासबुक आणि आधार कार्ड नेते, मधूनअधून तुळजापूरला. तिच्याकडच्या पर्सची चेन तिला धरताच येत नाही, मग ती बहिणीला नाहीतर शेजारणीला उघडून मागते. ते तिला आवडत नाही हे तिच्या चेहऱ्यावरून कळतं. काय घ्यावं?

रातपाळी (बीड)

चालेल काय दादा, लिहायलाच पाहिजे. आईंना चिमटीत धरण्यासारखं काही देऊ नका. चेनच्या जिभेत मोठी गोल कडी नाहीतर जाड दोऱ्याचा फास घाला, बोट अडकवून ओढता आली पाहिजे. अंगठा-बोटाची पकड गेली तरी बोट अडकवायची ताकद बऱ्याचदा असते. वर चेन आणि आत पुन्हा बटण असं दुहेरी नको. पट्टा छोटा करायचं बकल घट्ट असतं, ते एकदाच त्यांच्या मापाला लावून शिवून टाका.

शिलाई_मशीन (नांदेड)

सिस्टर बरोबर बोलल्या. भाऊ, मेण घासायचं चेनवर, साधी मेणबत्ती चालती. रनर हलका होतो. आणि पासबुकाच्या मापाचा एकच उभा कप्पा ठेवा. जास्त कप्पे म्हाताऱ्या माणसाला त्रास देतेत, कशात काय ठेवलं ते शोधत बसावं लागतं. आणि घ्यायच्या आधी आईला दुकानात न्या. हात त्यांचा, पसंती त्यांनी करावी.

सोनेरी_ज्वारी (धाराशिव)

शेवटचं वाक्य पटलं. मी आणून देणार होतो. आता रविवारी घेऊन जातो.

कडुनिंब_खाली (जालना)

मला इन्सुलिन न्यावं लागतं. आपल्याकडच्या मे महिन्यात पारा चाळीसच्या वर असतो आणि वापरात असलेलं इन्सुलिनचं पेन इतकं तापू द्यायचं नसतं. म्हणून माझी पर्स मी एका थंड पाउचच्या मापाने निवडते, बाकी सगळं नंतर. पाउच मधल्या कप्प्यात बसला पाहिजे, बाहेरच्या बाजूला नाही, कारण बाहेरची बाजू उन्हाने तापते. काळा रंग अजिबात घेत नाही, उन्हात धरला की हाताला चटका बसतो. स्कुटीच्या डिकीत पर्स कधीच ठेवत नाही.

माझ्यासारखी रोजची औषधं असणाऱ्या कुणाला दुकानात "हे फॅशनमध्ये आहे" म्हणून वेगळं काही दाखवलं तर शांतपणे आपलं पाउच काढा आणि आत बसवून बघा.

पाटीभर_पसारा (सेलू)

मी विरुद्ध बाजूने. वर एका ताईंनी दोन पिशव्या सांगितल्या, मला ते नाही जमत. दोन लहान मुलं, एकाचं बोट धरायचं, एक कडेवर. दोन वस्तू अंगावर असल्या की एक कुठंतरी विसरते. मला एकच मोठी हवी, तोंड मोठं, आत सगळं. बाटली, खाऊ, कपड्यांचा जोड, ओले रुमाल. २०१८ ला प्लास्टिकच्या पिशव्या बंद झाल्यापासून घडीची कापडी पिशवीही असतेच, मोंढ्यात अचानक भाजी घ्यावी लागते. जड होते, हो. म्हणून मी पाठीवर घ्यायची घेतली, वजन दोन्ही खांद्यांवर जातं. पाकीट मात्र पाठीच्या बाजूच्या कप्प्यात, मागच्या माणसाचा हात पोचणार नाही तिथं.

मुलं मोठी झाली की माझी पसंती बदलेल, हे मला माहीत आहे. आत्ता हीच.

खडू_फळा

ताई, लहान मुलं असताना मीही एकच नेली असती. बरोबर आहे तुमचं.

चिकूची_सावली

सगळं वाचून भाचीला फोन केला. तिने पर्स रिकामी केली होती. निघालं काय, तर डबा ती वेगळ्या पिशवीत नेते, पर्समध्ये नाहीच. मोठी पर्स बघत होती ती केवळ डब्यासाठी. आता तिचं ठरलंय: मध्यम आकार, आडवा रुंद पट्टा, वर ५ नंबरची चेन, बाटलीला बाहेरून जाळी, आणि आत स्कार्फ-हातमोजे कोंबायला एक मोकळा कप्पा, कारण उन्हात तोंड बांधल्याशिवाय ती स्कुटीला हात लावत नाही. पॅडसाठी आत एक चेनचं पाउच. रंग निळा. निळाच का, विचारलं नाही.

शिलाईदादा, शेवटचं एक. तिला लातूरच्या गंज गोलाई बाजारात एक पर्स मनासारखी दिसलीय, फक्त अस्तर काळं आहे आणि पट्टा थोडा आखूड. हे बदलून मिळतं का, की तेवढ्यासाठी सोडून द्यावी?

शिलाई_मशीन (नांदेड)

दोन्ही होतं. पट्टा सगळ्यात सोपा. दोन्ही टोकांना हुक असंल तर नुसता लांब पट्टा विकत घेऊन लावा, शिवायचीबी गरज नाही. शिवलेला असंल तर कानापासून उसवून नवा बसवावा लागतो. लांबी मोजायला तिची आवडती जुनी पर्स सोबत न्यायला सांगा. मापाची पट्टी नको, ती पर्सच दाखवायची.

अस्तर बदलायला तोंडाची चेन उसवावी लागती, म्हणून मेहनत जास्त आणि पैसेबी जास्त. घ्यायच्या आधी बघा, अस्तर तळाला सुटं हाय का चिकटवलेलं. हातानं बाहेर ओढून बघायचं. सुटं असंल तर कोणताबी बॅगवाला करून देईल. चिकटवलेलं असंल तर अस्तर राहू द्या आणि आतल्या वस्तूच फिक्या रंगाच्या पाउचमध्ये घाला. लातुरात करून घ्यायचं असंल तर सकाळी द्या, संध्याकाळपर्यंत होतं. देताना पर्स रिकामी करून द्यायला सांगा, लोकं आत किल्ल्या विसरतेत.